डोमेन घ्याच, पण कोणाच्या नावावर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी फराळ आणि मसाले करून त्या विकतात. आजवर सगळं व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर निभावलं. आता एका कंपनीच्या कॅन्टीनने ऑर्डर देताना वेबसाइट आणि धंद्याचा ईमेल मागितला. पुतण्या म्हणतो, काकू, माझ्या अकाउंटवरून पाच मिनिटांत घेऊन देतो. ताईंना विचारायचंय की डोमेन, म्हणजे ‘अमुक डॉट कॉम’ असा इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता, खरंच लागतं का, डॉट कॉम घ्यावं की डॉट इन, नावात बडोदा घालावं का, देवनागरीत नाव मिळतं का, आणि खर्च किती येतो.

ताई, बाकीचं नंतर, आधी पुतण्याचं बोलू. त्याच्या अकाउंटवरून घेऊ नका. पोरगा गुणी असेल, शंकाच नाही. पण बडोद्यातली गुणी पोरं आज ना उद्या कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला जातात. अलकापुरीतल्या व्हिसावाल्यांच्या पाट्या उगाच नाहीत. तो गेला की त्याचं इथलं सिम काही महिन्यांत रिचार्जविना बंद पडणार. ओटीपी त्या सिमवर, पासवर्ड त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि तुमची वेबसाइट बंद पडली त्या सकाळी तिकडे मध्यरात्र. मी लहान धंद्यांच्या वेबसाइट आणि ईमेलची कामं बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘साइट हॅक झाली’ क्वचितच असते, ‘नाव कोणाच्या ताब्यात आहे तेच कळत नाही’ ही नेहमीची.

हे असं का होतं ते समजायला मागची रचना थोडी माहीत हवी. डोमेन विकत मिळत नाही. एक ते जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी तुमच्या नावाने नोंद होते, आणि मुदत संपायच्या आत ती पुढे न्यावी लागते. जगभरच्या नावांची शिस्त आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था पाहते. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरीसाइन या कंपनीकडे आहे, डॉट इनची निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. तुम्ही या दोघांकडे थेट जात नाही. मधे रजिस्ट्रार, म्हणजे नावं नोंदवून देणारी कंपनी, असते: गोडॅडी, हॉस्टिंगर, बिगरॉक, नेमचीप वगैरे. त्याच्याही खाली आपल्या गावातले वेबसाइटवाले, जे पुष्कळदा रजिस्ट्रारचे रिसेलर, म्हणजे त्याचाच माल पुढे विकणारे, असतात. वहीत ‘नोंदणीदार’ म्हणून ज्याचं नाव, ईमेल आणि फोन आहे, नाव त्याचं. पैसे कोणी दिले, लोगो कोणी काढला, पिशव्यांवर कोणी छापलं, याला तिथे किंमत नाही. शेत कसतो एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशातली गत होते.

रावपुऱ्यातल्या एका केटरिंगवाल्यांचं झालं ते सांगतो. वेबसाइट करणाऱ्या भाईंनी पॅकेज दिलं होतं, ‘डोमेन, होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा), सगळं आमच्याकडे, तुम्ही टेन्शन घेऊ नका’. यांनी खरंच घेतलं नाही. काही वर्षांनी त्या भाईंनी धंदा बदलला आणि फोन उचलणं सोडलं. लग्नसराईच्या तोंडावर मुदत संपली. साइट गेली तर गेली, पण ईमेलही त्याच नावावर होता, त्यामुळे पार्ट्यांचे मेनू, ॲडव्हान्सच्या पावत्या, सगळ्या पत्रव्यवहाराला कुलूप. रजिस्ट्रारने सांगितलं, अकाउंट आणि नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच लिहावं. बरोबरच सांगितलं त्याने. उद्या तिसराच माणूस येऊन तुमचं नाव मागायला लागला तर तुम्हालाही हेच उत्तर दिलेलं हवं असेल. शेवटी ते भाई सापडले म्हणून निभावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, विसरले होते, एवढंच. लबाडीपेक्षा विसरभोळेपणाने जास्त नावं जातात, असं माझं मत आहे.

नोंद आपली आहे की नाही हे बाहेरून पाहता येईल असं वाटतं, पण आता बहुतेक ठिकाणी सार्वजनिक शोधात नोंदणीदाराचं नाव झाकलेलं असतं. मुदत कधी संपते आणि रजिस्ट्रार कोण, एवढं दिसतं. म्हणून खातरजमा आतूनच करायची. अकाउंट तुमच्या ईमेलने उघडलेलं हवं, मोबाइल तुमचा हवा, नोंदणीदाराच्या रकान्यात तुमचं किंवा फर्मचं नाव हवं आणि बिलही त्याच नावाचं हवं. जीएसटी नंबर असेल तर तोही बिलावर घालून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट, जी हुशार माणसंही चुकतात: रजिस्ट्रारच्या अकाउंटला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद, आणि ‘तुमचं डोमेन बंद पडलंय’ हे सांगणारं पत्र बंद पेटीत जाऊन पडणार. साधा जीमेल द्या, त्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा.

आता तुमचा पहिला प्रश्न, लागतं का. नुसता शेजारपाजारचा फराळ असता तर मी नाही म्हणालो असतो. पण कंपन्यांना माल द्यायचाय तर लागतं, आणि वेबसाइटपेक्षा ईमेलसाठी जास्त लागतं. खरेदी खात्यातल्या माणसाला जीमेलवरून आलेलं कोटेशन आणि तुमच्या नावाच्या पत्त्यावरून आलेलं कोटेशन यांत फरक वाटतो. वाटू नये, पण वाटतो. इन्स्टाग्रामचं पान त्या कंपनीच्या मर्जीवर चालतं. एखाद दिवशी अकाउंट बंद झालं तर दाद मागायला खिडकी नाही. डोमेनचं तसं नाही. आज साइट या कंपनीकडे ठेवा, उद्या त्या कंपनीकडे न्या, मेल झोहोवरून गूगलवर हलवा, गिऱ्हाइकाला पत्ता तोच दिसतो.

नावाचं मात्र घाईत ठरवू नका. बडोद्यात ही भानगड जरा जास्तच आहे, कारण गावालाच इंग्रजीत दोन स्पेलिंगं आहेत. सरकारी कागदावर वडोदरा, लोकांच्या जिभेवर बडोदा किंवा बरोडा. १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या काळात निघालेली बँक अजून बरोडाच लिहिते. १९४९ च्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा (एमएसयू) पत्ता एमएसयूबरोडा डॉट एसी डॉट इन. स्टेशनवर पाटी वडोदराची, पण कोड बीआरसी. तेव्हा नावात गाव घालायचंच तर ‘बरोडा’ घाला. अक्षरं कमी आणि बाहेरगावच्या माणसाला चटकन कळतं. पण खरं विचाराल तर गाव घालूच नका. उद्या सुरतेहून किंवा पुण्याहून ऑर्डर आली की ते शेपूट उगाच लोंबत राहतं.

मराठी नावाचं स्पेलिंग हा दुसरा खड्डा. ‘ज्ञान’ घ्या. मराठी माणूस डीएनवायने लिहील, गुजराती जीएनने, हिंदीवाला जीवायने. या शहरात तिघेही तुमचे गिऱ्हाईक. ‘दीक्षित’ला एक्स की केएसएच, ‘वहिनी’ला व्ही की डब्ल्यू, ‘फराळ’ला ए एक की दोन? म्हणून माझी एक साधी परीक्षा आहे. मराठी न येणाऱ्या कोणाला तरी फोन करा, खंडेराव मार्केटमधल्या तुमच्या सुक्यामेव्याच्या भाईंनाच करा, नाव एकदाच उच्चारा आणि लिहून पाठवायला सांगा. जे लिहून येईल ते तुमच्या मनातल्या स्पेलिंगशी जुळलं तर नाव पास. नाही जुळलं तर एकतर नाव बदला, नाहीतर दोन्ही स्पेलिंगं घ्या आणि दुसरं पहिल्याकडे वळवून ठेवा. मधली आडवी रेघ टाळा. चालते सगळीकडे, पण फोनवर ‘मधे डॅश आहे हं’ किती वेळा सांगाल? आकडेही टाळा. नियमाने एका भागात ६३ अक्षरं बसतात, पण पंधराच्या पुढे गेलात तर बिलबुकावर आणि बरणीच्या लेबलवर मावणार नाही.

डॉट कॉम की डॉट इन? दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या. एकच घ्यायचं आणि माल भारतातच विकायचा, तर डॉट इन पुरेसं आहे. डॉट इनच्या बाबतीत ओळख पडताळणीसाठी कागद मागितले जातात, तर आधार-पॅनवरच्या नावाप्रमाणेच अर्ज भरा. डॉट को डॉट इन वाईट नाही, पण लोक ते डॉट कॉम समजून टाइप करतात. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर ही मंडळी पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी दात दाखवतात. फुकट नावांच्या तर वाटेलाच जाऊ नका. फ्रीनॉम नावाची कंपनी डॉट टीके, डॉट एमएल अशी नावं फुकट वाटायची. फसवणूक करणाऱ्यांनी ती इतकी वापरली की २०२३ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने तिच्यावर खटला भरला, आणि पुढच्या वर्षी तिने या धंद्यातून अंग काढून घेतलं. ज्यांनी त्या नावांवर दुकान थाटलं होतं त्यांना विचारणारं कोणी उरलं नाही.

देवनागरीत नाव मिळतं. डॉट भारत २०१४ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या देवनागरी रूपात हिंदीबरोबर मराठी, कोकणीही चालते. आतून संगणक त्या नावाचं रोमन अक्षरांत एक रूप करतो, एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणारं, आणि काही ॲपमध्ये गिऱ्हाइकाला तेच अगम्य रूप दिसतं. ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते. ईमेलचं अजून दुखणं आहे. कित्येक सरकारी आणि कंपन्यांचे फॉर्म देवनागरी पत्ता ‘चुकीचा’ म्हणून परत करतात. शिवाय ह्रस्व-दीर्घ बदललं की नाव वेगळं, आणि फोनवर देवनागरी टाइप न करणारे गुजराती गिऱ्हाईक तुमच्याकडे निम्मे. मला हौस आहे म्हणून मी घेतलं असतं, साइनबोर्डवर लावलंही असतं. पण मुख्य पत्ता रोमनच ठेवा.

एक सांगायचं राहिलं: तुमच्या डोक्यातली नावं तुम्ही प्रश्नात उघड लिहिली आहेत. कोणी आधीच घेऊन टाकू नये म्हणून ती इथे मी मुद्दाम गाळली. ठरेपर्यंत कुठेही लिहू नका, आणि ठरलं की त्याच बैठकीत घ्या.

घेताना पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका. तो ठळक अक्षरात असतो. त्याच्या खाली बारीक अक्षरात नूतनीकरणाचा असतो, आणि तुम्हाला दरवर्षी तोच द्यायचाय. पैसे भरायच्या पानावर होस्टिंग, साइट बनवायचं साधन, सुरक्षेचं सर्टिफिकेट, जादा मेल असं काय काय टोपलीत आधीच टाकलेलं असतं. सगळं काढा. कुलपाच्या चिन्हाचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, आणि बरे होस्टिंगवाले ते आपोआप लावून देतात. डॉट कॉमसारखं नाव घेतल्यावर ईमेल पडताळायला एक दुवा येतो. तो पंधरा दिवसांत दाबला नाही तर नाव निलंबित होऊ शकतं. लोकांना तो बनावट वाटतो आणि ते पुसून टाकतात. रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः लॉगिन करून पाहा, तिथेही तीच सूचना दिसते. आणि ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवू न देणारं कुलूप, चालू आहे ना, ते बघून घ्या.

रजिस्ट्रार कोणता, यावर फार डोकं शिणवू नका. पटला नाही तर बदलता येतो. नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस बहुधा नाव हलवता येत नाही. पुढे लॉक उघडायचा, हस्तांतराचा कोड मागायचा आणि नव्या कंपनीला द्यायचा. डॉट कॉमसारख्या नावांना तो कोड पाच दिवसांत द्यावाच लागतो. मोठा म्हणून कायमचा, असंही काही नाही: गूगलने आपला डोमेन नोंदवून देण्याचा धंदा २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला. गिऱ्हाइकांची नावं शाबूत राहिली, कारण नोंद त्यांच्या नावाची होती.

नाव हातात आलं की त्याला दिशा द्यायची असते, आणि हे काम पुतण्याला खुशाल द्या. डीएनएस नावाचं एक पान असतं. त्यात ‘ए’ नोंद साइट कुठे आहे ते सांगते, ‘एमएक्स’ टपाल कुठे पोचवायचं ते सांगते, आणि ‘टीएक्सटी’मध्ये आपल्या वतीने मेल पाठवायची परवानगी कोणाला आहे ते लिहायचं. तिसरी नोंद लोक विसरतात आणि मग रडतात की कोटेशन स्पॅममध्ये जातं. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) हे तीन शब्द पुतण्याला सांगा, उरलेलं तो शोधेल. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत कडक धोरण घेतलंय. नेमसर्व्हर, म्हणजे हे डीएनएसचं पान ज्या यंत्रांवर असतं ती, बदलली तर सगळीकडे फरक दिसायला दोन दिवसही लागू शकतात, तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात बदल करू नका.

सगळ्यात जास्त नावं हातची जातात ती नूतनीकरणात. ‘ऑटो रिन्यू चालू आहे’ यावर आपल्याकडे भिस्त ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डातून दरवर्षी आपोआप पैसे कापायला वेगळी संमती नोंदवावी लागते, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे ही कापणी सर्रास नाकारली जाते. यूपीआयने एकदा भरलं म्हणजे पुढच्या वर्षीही जाईल, असंही नाही. त्यापेक्षा एकदम तीन किंवा पाच वर्षांचे भरा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावा. चुकलंच तर घाबरू नका, पण त्याच दिवशी हालचाल करा. डॉट कॉममध्ये मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या भावाने घेऊ देतो. किती दिवस ते कंपनीवर आहे. मग ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत येते, त्यात काही हजारांचा दंड. त्यानंतर पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव बाजारात. चांगली नावं उचलायला यंत्रं टपलेली असतात, तुम्ही कॉम्प्युटर उघडेपर्यंत ते गेलेलं असेल.

नाव नोंदलं की ईमेलवर काही पाहुणे येतील. एक म्हणेल, चीनमध्ये कोणीतरी तुमचं नाव घेऊ पाहतंय, आठवड्यात कळवा. दुसरा हुबेहूब बिलासारखा कागद पाठवेल, ‘नूतनीकरण शेवटची सूचना’ म्हणून. दोन्ही पुसून टाका. तुमचा रजिस्ट्रार एकच, आणि तो माहीत आहे. पत्ता वाचायची सवयही उजवीकडून लावा. शेवटचे दोन-तीन तुकडे मालक सांगतात, डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं. ते शेपूट बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. बँकेचं नाव सुरुवातीला आणि शेवटी भलतंच काही डॉट इन, असा दुवा आला तर ती बँक नाही.

हवं ते नाव गेलेलं निघालं तर? नुसतं अडवून ठेवलेलं असेल आणि मालक हजारो मागत असेल तर सोडून द्या, फराळाच्या धंद्याला तेवढं परवडत नाही. नोंदवलेला ट्रेडमार्क तुमचा असेल आणि समोरच्याने बदहेतूने घेतलं असेल, तर डॉट इनसाठी निक्सीकडे लवादाची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं मान्य केलेलं आहे. पण ती वकिलाची गोष्ट झाली. उलटं मात्र लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या प्रसिद्ध मसाल्याच्या नावाशी खेळ करून नाव घेऊ नका.

खर्च: डॉट इन वर्षाला साधारण पाचशे ते हजार, डॉट कॉम हजार ते दीड हजार, वर १८ टक्के जीएसटी. दोन-तीन पानांची साधी साइट फुकट होस्टिंगवरही चालते. पैसे लागतात ते मेलला, माणशी महिन्याला पन्नास-शंभर रुपयांपासून पुढे. सुरुवातीला एकच पेटी घ्या. ऑर्डर, बिल, चौकशी असे बाकीचे पत्ते टोपणनावं म्हणून त्याच पेटीत वळवता येतात, त्यांचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

आणि पुतण्याचं. त्याला तुमच्याशेजारी बसवा, तुमच्या फोनवर तुमच्या ईमेलने अकाउंट उघडायला लावा. मग पासवर्ड न देता त्याला तांत्रिक कामापुरता वेगळा प्रवेश द्या. बऱ्याच रजिस्ट्रारकडे ती सोय असते. जिथे नसते तिथे डीएनएस क्लाउडफ्लेअरसारख्या फुकट सेवेवर न्या आणि तिथे त्याला सदस्य करा. तो टोरांटोहूनही काम करू शकेल. रजिस्ट्रारचं नाव, लॉगिनचा ईमेल, मुदतीची तारीख आणि दोन टप्प्यांच्या सुरक्षेचे आणीबाणीचे कोड एका कागदावर लिहून लॉकरच्या कागदांत ठेवा आणि काकांना दाखवा. डोमेनला बँकेसारखा नॉमिनीचा रकाना नसतो.